गोजरामावशीचे हात

मी मासे खात नाही. आमच्या बार्शीच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि लग्न होऊन नवी मुंबईत सतरा वर्षं काढली तरी माझी जीभ काही सुधारली नाही. तेव्हा मासे विकणाऱ्या एका बाईबद्दल मी लिहिणं हा तसा आगाऊपणाच. पण तिच्याबद्दल मी एकदा साऱ्या जगाला सांगून बसले आहे, आणि ते अर्धवट सांगितलं. आता उरलेलं सांगितल्याशिवाय मला स्वस्थता नाही.

गोजरा मेहेर, वय अठ्ठावन्न, राहणार सारसोळे. केसपेपरवर मी एवढं लिहिलं आणि विचारलं, "काम काय करता?" तिने दोन्ही हात माझ्या टेबलावर आपटले.

"ह्ये बग आनि तूच सांग."

तळव्यांना चिरा पडल्या होत्या, बोटांच्या बेचक्यांत पाणी सुटलं होतं, दोन ठिकाणी पू धरला होता. मी चष्मा पुसून वाकून बघत होते तेवढ्यात तिने मला दटावलं, "बाय, हात लाव ना. बगून काय व्हनार?" ती मला पहिल्या मिनिटापासून अगं-तुगं करत होती. त्यात अपमान नव्हता. कोळीवाड्यात देवीलाही तूच म्हणतात, तिथे त्वचारोगतज्ज्ञाची काय कथा.

हा साधा एक्झिमा होता. चाळीस वर्षं बर्फ, खारं पाणी, खवले आणि माशांचा रस यांत हात बुडवले की कातडी कंटाळते. बरा होतो, पण वेळ लागतो, आणि हात कोरडे ठेवावे लागतात. मी रबरी हातमोजे घालायला सांगितले, आतून सुती. ती हसायला लागली.

"हातमोजं घालून मच्छी कापली त गिऱ्हाईक काय बोलंल? बोलंल, हिच्या हातान कायतरी हाय."

मग आमची तडजोड झाली. मार्केटात उघडे हात, घरी भांडी आणि टोपल्या धुताना हातमोजे, आणि दर तासाला मलम. तीन महिने ती न चुकता आली. दुपारी तीनला, मार्केट आवरून. तेव्हा मला तिची थोडीफार माहिती कळत गेली. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून सतराव्या वर्षी लग्न होऊन आली. नवरा गोवर्धन खाडीत जायचा. खाडीत गाळ भरला, मासळी हटली, आणि आता तो गुडघे धरून घरी बसतो. मुलगा कुंदन द्रोणागिरीला गोदामात बारा-बारा तास. घर खऱ्या अर्थाने उभं होतं ते मार्केटातल्या तिसऱ्या ओट्यावर. ती जागा तिच्या सासूची. सासूने ती तिच्या हाती दिली तेव्हा म्हणे एकच गोष्ट सांगितली होती, गिऱ्हाइकाला नावाने ओळख. गोजराला गिऱ्हाइकांची नावं, त्यांच्या मुलांच्या परीक्षा आणि कुणाला डोकं लागतं, कुणाला शेपूट, हे सगळं पाठ होतं.

क्लिनिकच्या बाकावर ती दाराशी टेकून बसायची. एकदा शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावला, तर मी आतून रिसेप्शनला फोन करून रूम फ्रेशनर मारायला सांगितलं. तिच्या देखत मारला.

आता माझं सांगते. नेरुळच्या ज्या रस्त्यावर माझं क्लिनिक आहे तिथे पाचशे पावलांत आणखी तीन त्वचेचे दवाखाने आहेत. इंटरनेटवर त्यांचे तारे साडेचारच्या वर, माझे तीन पूर्णांक नऊ. एकाने मला एकच तारा दिला होता, कारण एसी बंद होता. दुसरीने दोन दिले, कारण मी तिच्या मुलाला चॉकलेट कमी खायला सांगितलं. वीस वर्षांचा अभ्यास आणि निकाल हा! मी चिडायचे, आणि रात्री पुन्हा फोन उघडून तेच वाचायचे.

म्हणून पूर्वी नावाची मुलगी आली. तिचं ऐरोलीला छोटंसं ऑफिस आहे, आणि डॉक्टरांची नावं सोशल मीडियावर मोठी करणं हा तिचा धंदा. हुशार, कामाची पक्की. तिने माझ्याकडून सनस्क्रीनवर, कोंड्यावर, नायट्यावर व्हिडिओ करून घेतले. मी पांढरा कोट घालून कॅमेऱ्यासमोर शाळेच्या गॅदरिंगसारखी बोलायचे. एकशे बारा लोकांनी बघितलं, त्यात माझ्या सासरचे चाळीस.

"मॅम, तुम्ही माहिती देताय," पूर्वी म्हणाली. "लोकांना माहिती नको असते, माणूस पाहिजे असतो. एखादी पेशंट द्या ना."

मी म्हटलं, मी पेशंटला असलं काही विचारणार नाही. आणि खरंच विचारलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर कित्येक दिवस मी स्वतःला याच वाक्याने समजावत होते.

झालं असं, की काउंटरवर पूर्वीने एक पाटी ठेवली होती. कोड स्कॅन करा आणि तुमचा अनुभव लिहा. तीन महिने पूर्ण झाले, गोजरामावशीचे हात स्वच्छ झाले, आणि त्या दिवशी निघताना तिने पाटीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, डॉक्टरांनी बरं केलं असेल तर इथे चांगलं लिहायचं, म्हणजे चार लोकांना कळतं.

"मना लिवता येत नाय," मावशी म्हणाली. "बोलाला येतं. बोलू?"

पूर्वी तेव्हा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने मान वर केली.

मला वाटतं, शहरातल्या माणसाला ही गोष्ट समजणार नाही. आपण बरे झालो की बिल भरतो आणि विसरतो. कोळ्यांत तसं नसतं. एकवीरेने काही दिलं की ते दहा माणसांत मोठ्याने सांगायचं, न सांगणं म्हणजे खाल्ल्या अन्नाला न जागणं. माझी फी तिने दिली होती, पण हे सांगणं तिच्या मते बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती हिरवं लुगडं, अंबाड्यावर भरगच्च गजरा आणि अंगावर होतं तेवढं सोनं घालून. मी तिला समोर बसवून विचारलं, "मावशी, हे खूप लोक बघतील. चालेल ना?" संमतीच्या कागदावर तिने अंगठा दिला नाही, शिकून घेतलेली सही केली, जीभ दातांत धरून.

"बगू दे. आता काय हाय माज्या हातांना? बरं झालेलं दाखवाला लाज कसली?"

आणि कॅमेरा सुरू झाल्यावर ती जी बोलली, तसं मी उभ्या जन्मात बोलू शकणार नाही. "मी गोजरा, सारसोल्याची. नेरुलच्या मार्केटान तिसऱ्या ओट्यावर कोपऱ्यान बसते. माजे हात असं झालते, पानी लागलं का आग. चिरा, पू, रगत. मच्छीला हात लावाची चोरी. या बायनं तीन म्हयन्यान बरं केलं. ह्ये बगा!" आणि दोन्ही तळवे कॅमेऱ्यात घालून ती खळखळून हसली.

ओट्याचा पत्ता तिने का सांगितला, तर चाळीस वर्षं मासे विकणारी बाई आपली ओळख दुसरी कशी करून देणार? माझी जाहिरात होतेय तर तिचीही थोडी होईल, असंही तिच्या मनात असावं. मला त्या वेळी त्याचं कौतुक वाटलं.

तिच्यानंतर मी बोलले. "हा हाताचा एक्झिमा आहे. तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही. माशांमधून, पाण्यामधून पसरत नाही." तीनच वाक्यं. एका दमात बोलले, एकदाही अडखळले नाही.

दोन दिवसांनी पूर्वीने अडतीस सेकंदांचं रील पाठवलं. आधी मावशीचे जुने फोटो, पू धरलेले, पहिल्या दिवशीचे. ते निवडून मीच दिले होते, सगळ्यात वाईट दिसणारे. मग तिचं बोलणं, मग तळवे, मग हसू, मग क्लिनिकचं नाव. मी नव्हतेच.

"तुमची वाक्यं कापली मॅम," पूर्वीने लिहिलं होतं. "तिथे लोक पुढे सरकतात. आधीच्या सगळ्या रील्सचा डेटा तेच सांगतोय."

एक मुरुमांचा पेशंट बाहेर जात होता, चामखिळीवाला आत येत होता. मी ते रील दोनदा बघितलं. आणि मला ती वाक्यं आठवली. हे कबूल करायलाच हवं. मी विसरले असते तर निष्काळजी ठरले असते, एवढंच. मला ती आठवली, त्यांच्याशिवाय हे बरोबर दिसत नाही असं एक क्षण मनात आलंही, आणि तरी मी पूर्वीला होकाराचा अंगठा पाठवला.

चार लाख लोकांनी ते बघितलं.

महिन्याभरात माझे तारे चार पूर्णांक आठवर गेले. खारघरहून, उलव्याहून लोक येऊ लागले. दारात शिरताच विचारायचे, "त्या मावशींचे हात बरे करणाऱ्या डॉक्टर तुम्हीच ना?" दहा-दहा दिवस अपॉइंटमेंट मिळेना. माझ्या सासूबाईंनी प्रथमच चार बायकांत माझं नाव घेतलं. मावशीही खूश होती. पहिल्या आठवड्यात पोरीबाळी ओट्यापाशी येऊन तिच्यासोबत सेल्फी काढत होत्या. तिने माझ्यासाठी एक मोठा जिताडा पाठवला, बर्फात घालून. तो मी रिसेप्शनच्या मुलीला देऊन टाकला आणि मावशीला निरोप धाडला, छान होता.

पुढच्या तपासणीला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला सवडच नव्हती, त्यामुळे माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मग एक दिवस तिची सून संध्या आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"मॅडम, आईंना सांगू नका मी आयले म्हनून." तिने फोन पुढे केला. आजूबाजूच्या टॉवरांमधल्या कुठल्यातरी सोसायटीचा ग्रुप होता. आमचंच रील, पण फक्त पहिले फोटो आणि पत्ता एवढंच ठेवलेलं. खाली लिहिलं होतं, 'तुम्ही हिच्याकडून मासे घेता का? हात बघा.' त्याखाली हिरव्या-पिवळ्या तोंडांचे ओकारीचे चेहरे, ओळीने.

संध्याने सांगितलं ते असं. आधी टॉवरमधल्या बायका बंद झाल्या. मग रोज दहा किलो उचलणारा खानावळवाला. मग मैना, मावशीच्या बाजूला बावीस वर्षं बसणारी, एकाच डब्यातून जेवणारी मैना. तिने आपली टोपली हातभर पलीकडे सरकवली. भांडण नाही, काही नाही. नुसती सरकवली. न खपलेले बोंबील घरी येत होते, दोरीवर वाळत होते. ओटा रिकामा राहिला तर तो मागायला दोघीजणी टपून होत्या, म्हणून मावशी रोज जाऊन बसत होती.

"त्या मला का नाही बोलल्या?"

"त्या बोलतान, मी सोता बोलली, माज्या तोंडानं बोलली. डाक्टरनीचं चांगलं चाललंय त चालू दे." संध्याने फोन परत घेतला. "तेवढी ती फिलीम काडून टाका मॅडम. बाकी काय नको."

"आजच काढते," मी म्हटलं.

आणि काढली नाही. पूर्वीला फोन केला, तर ती म्हणाली, ते रील सगळ्यात वर लावलंय, निम्मे नवे पेशंट त्यावरूनच येतात. आपण काढलं तरी लोकांच्या फोनमधलं थोडंच जाणार? मग आपलं नुकसान करून मावशींचा काय फायदा? यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं नसलेली आणि सोयीची असलेली गोष्ट मनाला किती पटकन पटते! मी ठरवलं, लोक विसरतील. थोडे दिवस जाऊ देत.

अकरा दिवस जाऊ दिले. त्या अकरा दिवसांत रोज सकाळी चहाबरोबर मी तेच रील उघडून आकडा बघत होते. आकडा वाढलेला दिसला की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याची लाज वाटायची. मग चहा संपायचा आणि मी क्लिनिकला जायचे.

बाराव्या दिवशी एक बाई आल्या, चेहऱ्यावरच्या वांगाच्या डागांसाठी. बसता बसता कौतुकाने म्हणाल्या, "डॉक्टर, त्या मासेवालीचे हात बघून अंगावर काटा आला बघा. तेव्हाच ठरवलं, जायचं तर तुमच्याकडेच. मासे मात्र तिच्याकडचे सोडले हं आम्ही." आणि हसल्या. मीही हसले. पेशंटपुढे हसायची सवय असते. त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रील काढून टाकलं, पूर्वीला न विचारता.

संध्याकाळी मी नवा व्हिडिओ केला. तीन मिनिटांचा. एक्झिमा म्हणजे काय, तो का पसरत नाही, चूक माझी होती. नऊशे जणांनी बघितला. सोसायट्यांच्या ग्रुपांवर ओळखी काढून मजकूर टाकला, तिथे लोकांनी हात जोडलेले आणि अंगठे पाठवले. मासे घ्यायला कोणी गेलं नाही.

तेव्हा मला वाटलं, आपण स्वतः जावं. चारचौघांत तिचा हात हातात धरावा. डॉक्टरच उभी राहिली तर लोकांना आणखी काय पुरावा पाहिजे? रविवारी सकाळी मी कापडी पिशवी घेऊन आयुष्यात पहिल्यांदा मच्छी मार्केटात शिरले. साडी सावरत, नाकाने श्वास न घेता.

तिसऱ्या ओट्यावर, कोपऱ्यात, ती होती. गजरा नाही, सोनं नाही, साधी सुती साडी. आणि तिच्यासमोर चक्क गिऱ्हाईक उभं होतं. चष्मेवाली, पन्नाशीची, या भागात नवी असावी. एक अख्खी सुरमई घेतली होती तिने, आणि मावशी कोयत्यावर तुकडे पाडत होती. बोलणंही चाललं होतं, मुलगा कितवीत, काळं पोट काढून टाकू का. मला इतका आनंद झाला की मी थांबायला हवं होतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"मावशी!" मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "कशी दिली सुरमई? मला पण द्या!"

मावशीने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं ते काहीच उमटलं नाही. तिने मान हलवली, बारीकशी, नको अशी. मला ती खूण कळली नाही. मी ओट्याशी जाऊन तिचा ओला हात धरला आणि वर केला.

"बघा, मी डॉक्टर आहे! या हातांना काही झालेलं नाही. काही पसरत नाही!"

चष्मेवाली माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "अय्या, ते हातांचं रील तुमचंच ना? नेरुळच्या त्वचेच्या डॉक्टर?" आणि मग तिची नजर माझ्या हातातल्या हातावर गेली, तिथून मावशीच्या तोंडावर, तिथून अर्ध्या कापलेल्या सुरमईवर.

"म्हणजे... ह्याच त्या?"

मी बोलत होते. संसर्ग, एक्झिमा, पूर्ण बरा झालेला, मी स्वतः सांगते. ती मान डोलावत होती, अगदी सभ्यपणे. "हो हो, तसं काही नाही," म्हणाली, "पण राहू दे मावशी, आज राहू दे. घरी पाहुणे येणार नाहीयेत असा मेसेज आलाय." पिशवीची घडी घालून ती पुढच्या ओळीत गेली. शेजारी मैना खाली मान घालून कोळंबी सोलत राहिली.

सुरमई अर्धी तुकड्यांत, अर्धी अख्खी, पाटावर पडली होती.

"ती मला द्या," मी म्हटलं. "मी घेते. सगळी."

"तू खातस नाय," मावशी म्हणाली. तिने आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला. "मना म्हायती हाय. त्यो जिताडा पन तुज्या पोटान नाय गेला. नेऊन काय करशील, टाकशील?"

मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. खूप चुकलं."

"व्हय," ती म्हणाली. रागाने नाही. जे होतं ते. "पन जा तू आता बाय. तू नसलीस त कोन ओलखत नाय मना, नवी गिऱ्हाइकं येतान. तू हितं उभी रायलीस त ओलखतान."

मी निघाले. दाराशी पोचेपर्यंत मागून तिची हाक ऐकू आली, "या ओ ताई, ताजी सुरमई, या!" मोठी, खणखणीत. मी वळून बघितलं. एक नवी बाई ओट्यापाशी थांबली होती, आणि मावशी मानेनेच एकेक मासा दाखवत होती. मी तीन महिने औषध लावून बरे केलेले दोन्ही हात तिने पदराखाली घेतले होते.